दरजेची निवड : तासगावच्या गोपुरापासून मोझाइकच्या मेजापर्यंत

१

वास्तूंच्या इतिहासात शिळांची मोजदाद होते, शिल्पांची वर्णने केली जातात, बांधविणाऱ्याचे नाव व बांधकामाचे वर्ष नोंदविले जाते. परंतु दोन शिळांमधील चिंचोळ्या जागेचा, म्हणजे दरजेचा, विचार सहसा होत नाही. वस्तुतः कोणतीही बांधीव वस्तू पुष्कळदा दरजेपाशीच प्रथम दगा देते. पाणी शिरते ते दरजेतून, पिंपळाचे मूळ रुजते ते दरजेत, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा हात प्रथम पडतो तोही दरजेवर. म्हणून दरज कशाने भरली होती आणि नंतरच्या काळात ती कशाने भरली गेली, हा प्रश्न गवंड्याच्या सोयीपुरता मर्यादित राहत नाही. तो इतिहासाच्या अभ्यासकाचाही ठरतो.

या विचारास तासगाव हे ठिकाण सोयीचे आहे. तासगाव पूर्वी सातारा जिल्ह्यात होते; १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. येथील गणपतिमंदिर परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधविले. त्याच्या कामाचा आरंभ १७७९ साली झाला व पूर्तता १७९९ साली झाली, असे सांगितले जाते. मंदिरासमोरचे सात मजली गोपूर हे त्याचे वैशिष्ट्य होय. महाराष्ट्रातील देवालयाच्या दारी दाक्षिणात्य पद्धतीचे गोपूर क्वचितच आढळते. भाऊंच्या हयातीतील बराच काळ कर्नाटकातील मोहिमांत गेला. हैदर व टिपू यांच्याविरुद्धच्या स्वाऱ्यांत त्यांनी दक्षिणेकडील देवालये पाहिली आणि त्या धर्तीचे गोपूर आपल्या गावी उभारविले, ही परंपरा त्यांच्या चरित्राशी सुसंगत आहे.

मंदिर पूर्ण झाले त्याच वर्षी, १७९९ साली, पट्टणकुडीच्या लढाईत भाऊ कामी आले. त्यानंतर दोनशेहून अधिक पावसाळे या गोपुराने सोसले आहेत. एवढ्या उंच वास्तूला उन्हाने दररोज थोडे फुगावे लागते, रात्री थोडे आकसावे लागते; वाऱ्याचा दाब आणि पावसाचा मारा वेगळाच. ही सारी हालचाल दगड किंवा वीट एकटी सोसू शकत नाही. तिचा मोठा वाटा दरजांवर पडतो. दरजेचे भरण निवडताना त्याचा कठीणपणा किती, यापेक्षा ते आपल्या शेजाऱ्याला कितपत सांभाळून घेते हे पाहावे, हा जुन्या चुन्याच्या कामातून निघणारा धडा आहे. सिमेंटच्या युगात तो मागे पडला आणि त्याची किंमत जुन्या वास्तूंना मोजावी लागली. तोच धडा आज घरच्या घरी मोझाइकचे मेज करणाऱ्या हौशी माणसालाही नव्याने शिकावा लागतो.

२

दक्षिण महाराष्ट्रात दरजेच्या दोन परंपरा दिसतात. पहिली बिनचुन्याची. हेमाडपंती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देवालयांत काळ्या पाषाणाचे चिरे इतके काटेकोर घडविलेले असतात की त्यांच्यात भरणाची गरजच राहत नाही. चिऱ्यावर चिरा स्वतःच्या भाराने बसतो. कृष्णेच्या काठचे खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर हे या घडाईचे जवळचे उदाहरण. अशा कामात दरजेचा सारा खर्च पाथरवटाच्या छिन्नीवर पडतो. दुसरी परंपरा चुन्याची. मराठेशाहीतील वाडे, घाट, तट, पूल आणि देवालये यांचा फार मोठा भाग चुन्यात बांधलेला आहे. लहानमोठे ओबडधोबड दगड व विटा घेऊन थोड्या काळात मोठे काम उभे करावयाचे तर चुन्यावाचून गत्यंतर नव्हते. दक्षिणेतील गोपुरांची सर्वसाधारण रचनाही अशीच असते : तळ घडीव दगडाचा, वरचे मजले विटा व चुना यांचे, आणि त्यांवरील मूर्ती व नक्षी गचकामाची. भार वरवर कमी होत जावा आणि कारागिराला आकार हाताने घडविता यावा, हा त्यामागील हेतू.

चुन्याचा कच्चा माल या भागात दूरवरून आणावा लागत नसे. दख्खनच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे सापडतात. शेतकऱ्याला ते नकोसे, पण भट्टीवाल्याला हवेसे. हे खडे गोळा करून भाजण्याचा आणि कोळसा पाडण्याचा व्यवसाय लोणारी समाज पिढ्यान्पिढ्या करीत आला. शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापविली की तिच्यातील कर्बद्विप्राणिद वायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. शंभर भार शुद्ध चुनखडीचे छप्पन्न भार होतात. कळीवर पाणी घातले की ती उसळून विरते, वाफा निघतात आणि मऊ लगदा तयार होतो. बांधकामात लावलेला हा चुना हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो व पुन्हा चुनखडीच बनतो. भट्टीत जे गमावले ते भिंतीत परत मिळते. फक्त त्यास वर्षे लागतात.

मातीतल्या खड्यांच्या चुन्याचा आणखी एक गुण आहे. त्यात चिकणमातीचा अंश मिसळलेला असल्यामुळे भाजल्यानंतर त्याच्या अंगी काही प्रमाणात पाण्याखालीही घट्ट होण्याची शक्ती येते. हाच गुण वाढविण्यासाठी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, घालण्याची चाल होती. चुना, वाळू व सुरखी ही चक्राकार चरात घालून बैलांनी ओढलेल्या दगडी चाकाखाली मळली जात. असे चुन्याचे घाणे कित्येक किल्ल्यांवर व जुन्या देवालयांच्या आवारांत आजही दिसतात. मळणी जितकी अधिक तितका चुना एकजीव, हे त्यामागचे तत्त्व. गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचे पाणी, उडदाचे पीठ, ताग असे पदार्थ कामाच्या प्रकाराप्रमाणे घातले जात. गुळामुळे चुना सावकाश घट्ट होतो व थोड्या पाण्यात पसरता येतो. तागाचे धागे गिलाव्याला तडकू देत नाहीत. शेवटचा हात घोटाईचा असे. ओला गिलावा गुळगुळीत दगडाने घोटला की त्याची छिद्रे मिटतात आणि अंगावर तुकतुकी येते.

ही युक्ती एकाच देशाची नव्हती. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील रोमन वास्तुविद व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या सातव्या भागात फरशीच्या थरांचे वर्णन केले आहे : खाली दगडगोट्यांचा थर, त्यावर खडी व चुना, त्यावर तीन भाग कुटलेल्या खापऱ्या व एक भाग चुना, आणि सर्वांत वर रंगीत तुकड्यांची जडणी. रोमन मोझाइकचे तुकडे ज्या थरावर टिकले तो सुरखी-चुन्याचाच सख्खा भाऊ होय. संस्कृत वाङ्मयातील ‘कुट्टिम’ हा शब्दही कुटून केलेल्या, जडविलेल्या भूमीचा वाचक आहे. जडणीच्या कामात लोकांची दृष्टी मण्यावर जाते. शब्दाने मात्र कुटण्याची क्रिया जपून ठेवली आहे.

चुन्याच्या दरजेचे मोठेपण तिच्या मऊपणात आहे. भिंत किंचित सरकली तर ती थोडी लवते. बारीक चीर पडली तर पावसाचे पाणी आतील मोकळा चुना विरघळवून चिरेत आणून सोडते आणि ती पुन्हा बुजते. भिंतीत मुरलेली ओल दरजेच्या छिद्रांवाटे बाहेर पडते. ओलीबरोबर क्षारही दरजेत येऊन साचतात आणि शेवटी झिजते ती दरज. शंभर वर्षांनी ती उकरून पुन्हा भरता येते. झिजलेला चिरा किंवा गळालेली मूर्ती मात्र पुन्हा मिळत नाही.

३

पोर्टलंड सिमेंटचे एकस्व जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ साली इंग्लंडात घेतले. भारतात १९०४ साली मद्रासला त्याच्या निर्मितीचा पहिला प्रयत्न झाला. १९१४ साली पोरबंदरच्या कारखान्यापासून हा उद्योग खऱ्या अर्थाने रुजला आणि १९३६ साली अनेक कंपन्यांच्या एकीकरणातून असोसिएटेड सिमेंट कंपनी स्थापन झाली. चुनखडी व चिकणमाती सुमारे १४५० अंशांवर भाजून केलेला हा पदार्थ चुन्याला वर्षानुवर्षे लागणारे काम अठ्ठावीस दिवसांत करू लागला. भट्टी, घाणा, मळणी, मुरवणी हे सारे एका पोत्यात बांधून आले. गवंड्याचे श्रम वाचले आणि ठेकेदाराचा वेळ वाचला. एवढ्या मोठ्या सोयीपुढे चुना मागे हटला यात नवल नाही.

सिमेंटबरोबर महाराष्ट्रातील घरांच्या जमिनीही पालटल्या. मुंबईच्या श्रीमंती इमारतींत व चर्चमध्ये इंग्लंडातील मिंटन कारखान्याच्या फरश्या येत असत. स्वदेशीच्या प्रेरणेने सिधवा कुटुंबाने १९२२ साली मुंबईत भारत टाइल्स हा उद्योग सुरू केला आणि रंगीत सिमेंटच्या फरश्या देशात होऊ लागल्या. पुढे संगमरवराच्या चिपा सिमेंटमध्ये घालून व यंत्राने घासून केलेल्या फरश्यांचे युग आले. मराठीत ‘मोझाइक’ हा शब्द याच फरशीला चिकटला. मूळ अर्थाने मोझाइक म्हणजे हाताने एकेक तुकडा बसवून केलेली जडणी. मराठी घरात मात्र ‘मोझाइकची फरशी’ म्हणजे चिपांची घासलेली फरशी. या अर्थांतरात एक सत्य दडलेले आहे. अशा फरशीत चिपांच्या मधील सिमेंट हेच एक मोठे, सर्वत्र पसरलेले भरण असते. त्याचा रंग चुकला तर चिपांचा रंगही चुकतो.

खऱ्या जडणीच्या जवळ जाणारा प्रकार गच्चीवर आढळतो. फुटक्या पांढऱ्या चिनी मातीच्या फरश्यांचे तुकडे गच्चीवर जडवून त्यांच्या दरजा सिमेंटने भरावयाच्या, ही पद्धत महाराष्ट्रात सर्वत्र रूढ झाली. पांढरा रंग उन्हाची तिरीप परतवितो आणि चकचकीत तुकड्यांवरून पाणी लवकर वाहते. या कामात तुकडा पाणी पीत नाही. पाण्याला वाट मिळाली तर ती दरजेतच. म्हणून अशी गच्ची गळू लागली की तुकड्यांत नव्हे, दरजांत दोष शोधतात.

‘ग्राउट’ हा इंग्रजी शब्द मराठीत दोन वाटांनी आला. एक वाट स्नानगृहांच्या फरशीची, दुसरी धरणांची. दुसऱ्या वाटेचे ठळक उदाहरण सातारा जिल्ह्यातच आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी झालेल्या भूकंपाने पाटण तालुक्यातील कोयना धरणाच्या काही भागांत, जेथे उतार एकदम बदलतो त्या उंचीच्या सुमारास, आडव्या चिरा पडल्या. त्या चिरांत दाबाने इपॉक्सी राळ भरण्यात आली, ताणलेल्या पोलादी तारांनी ते भाग आवळण्यात आले आणि पुढे मागील बाजूस आधारभिंती उभारून धरण बळकट करण्यात आले. येथे भरणाचे काम जुन्या भिंतीतील दरजेच्या अगदी उलट होते. धरणाचा दुभंगलेला भाग पुन्हा एकसंध व्हावयास हवा होता. तेथे लवणारी, श्वास घेणारी दरज हे संकट ठरले असते. यावरून एवढे स्पष्ट होते की कठीण भरण हे स्वभावतःच वाईट नाही व मऊ भरण स्वभावतःच चांगले नाही. कोणत्या वस्तूत कोणती हालचाल अपेक्षित आहे, पाणी कोणीकडून येते व कोणीकडून जावे, आणि तडा गेलाच तर तो कोठे जावा, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर निवड अवलंबून असते.

हे तीन प्रश्न न विचारता चुन्याच्या जुन्या भिंतींच्या दरजांत सिमेंट भरले जाते, तेव्हा हानी होते. आतील ओलीला दरजेची वाट बंद होते. मग ती शेजारच्या विटेतून किंवा मऊ दगडातून बाहेर पडते. क्षार तेथे स्फटिकरूप धरतात आणि विटेचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांनी सिमेंटची दरज उंचवट्यासारखी जागच्या जागी उभी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंची वीट खोल गेलेली असते. जे टिकवावयाचे ते गेले व जे बदलता आले असते ते राहिले, असा उलटा हिशेब होतो. ते सिमेंट उकरून काढावे म्हटले तर विटेच्या कडाही त्याबरोबर तुटतात. काळा पाषाण स्वतः कठीण असल्याने त्याच्या भिंतीत ही हानी उशिरा दिसते. विटांच्या मजल्यांना आणि गचकामाच्या मूर्तींना मात्र तेवढी सवलत नाही. दक्षिण महाराष्ट्रातील वाडे, देवालये व घाट यांच्या पुढील दुरुस्त्यांत हाच प्रश्न सर्वांत मोलाचा आहे.

४

मोझाइकचे मेज या चर्चेत क्षुल्लक वाटेल. परंतु वास्तूच्या अंगी असलेले सर्व प्रश्न त्यात दोन हात रुंदीच्या जागेत एकत्र आलेले असतात. फुटलेल्या कपबशा, उरलेल्या फरशीचे तुकडे, रंगीत काच यांची जडणी करून घरच्या घरी मेज करण्याची हौस आज पुष्कळांना आहे. तुकडे निवडण्यात व मांडण्यात महिना जातो आणि भरण मात्र दुकानात मिळेल ते एका दुपारी थापले जाते. मेज बिघडते ते तेथेच.

पहिला विचार दरजेच्या रुंदीचा. दरज सुमारे तीन मिलिमीटरपेक्षा अरुंद असेल तर वाळूविरहित, बारीक भरण घ्यावे. वाळूचे कण तीत नीट शिरत नाहीत आणि पोकळ्या राहतात. त्याहून रुंद दरजेत बारीक वाळू मिसळलेले भरण हवे, कारण निव्वळ सिमेंट वाळताना आकसते व रुंद जागेत त्याला चिरा पडतात. चुन्यात वाळू व सुरखी घालण्यामागे हेच कारण होते. फुटक्या कपबशांच्या जडणीत दरजा एकसारख्या नसतात. तेव्हा सर्वांत रुंद दरजेकडे पाहून निर्णय करावा आणि वाळू चाळून अगदी बारीक घ्यावी. तुकडे काचेचे किंवा नाजूक चकाकीचे असतील तर वाळूचे ओरखडे उठतात; अशा कामात मांडणी करतानाच दरजा अरुंद ठेवणे हा उपाय होय.

दुसरा विचार पायाचा. दगडी किंवा काँक्रीटच्या फळीवर सिमेंटचे भरण निर्धास्त चालते. लाकूड मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यावर ताठर भरण घातले तर पहिल्याच वर्षी कडेने चीर पडते. येथे गोपुराचा धडा लागू पडतो : हालणाऱ्या पायावर लवणारी दरज हवी. म्हणून लाकडी पाया असल्यास तो खालून व कडेने रंग देऊन ओलीपासून वाचवावा, लवचिकता आणणारे द्रव मिसळलेले भरण घ्यावे, आणि लाकडी चौकट व जडणी यांच्यामधील शेवटची दरज सिमेंटऐवजी लवचिक लुकणाने भरावी. इपॉक्सीचे भरण डाग पीत नाही व पाणी आत घेत नाही, हा त्याचा मोठा गुण. परंतु ते लवकर घट्ट होते, तुकड्यांवर त्याचा पातळ थर राहिला तर काढणे कठीण जाते, आणि एकदा बसल्यावर दुरुस्तीस जागा ठेवीत नाही. नवशिक्याने प्रथम सिमेंटच्या भरणावर हात बसवावा हे बरे.

तिसरा विचार रंगाचा. पांढऱ्या भरणात रंगीत तुकडे सुटे सुटे दिसतात व त्यांची आकृती फुटते. करड्या भरणात ते परस्परांशी जुळतात. गडद भरणात त्यांचे रंग उजळतात, परंतु पांढरे तुकडे भडक वाटतात. राखी सिमेंटचा रंग त्यातील लोहामुळे येतो. लोहाचा अंश अत्यल्प ठेवून केलेले पांढरे सिमेंट राजस्थानात १९८४ साली गोटण येथे आणि १९८८ साली खारिया खंगार येथे सुरू झालेल्या कारखान्यांमुळे देशभर सुलभ झाले. त्यात लोहभस्माचे रंग मिसळता येतात. गेरूच्या जातीचे हे रंग सिमेंटच्या तीव्र अल्कधर्मी गुणात टिकतात. कापड रंगविण्याचे कित्येक रंग तेथे उडून जातात. रंगाचे प्रमाण सिमेंटच्या वजनाच्या दशांशाहून अधिक होऊ देऊ नये, नाही तर भरण भुसभुशीत होते. ओले भरण नेहमी गडद दिसते. म्हणून थोडा नमुना वेगळ्या तुकड्यावर लावून तो पूर्ण वाळल्यावरच निवड पक्की करावी.

मग कामाची पाळी. तुकडे चिकटविल्यावर किमान एक दिवस जाऊ द्यावा. संगमरवर किंवा चकाकी नसलेले तुकडे असतील तर भरणाचा रंग त्यांत मुरू नये म्हणून आधी त्यांवर रोधक द्रवाचा हात द्यावा. भरण बेताच्या पाण्यात, श्रीखंडाइतके घट्ट कालवावे; अधिक पाणी घातले की लावणे सोपे जाते, पण तेवढेच पाणी पुढे उडून जाताना पोकळ्या व चिरा ठेवून जाते. कालविल्यावर दहा मिनिटे स्वस्थ ठेवून पुन्हा ढवळावे आणि नंतर पाणी घालू नये. रबरी थापीने ते दरजांच्या तिरक्या दिशेने दाबून भरावे. दरजेच्या दिशेने ओढल्यास थापीची कड आत शिरून भरण बाहेर निघते.

पुसण्याची वेळ ही या कामातील खरी परीक्षा होय. फार लवकर पुसले तर दरज खोल जाते. फार उशिरा पुसले तर तुकड्यांवरील थर सुटत नाही. बोट लावल्यावर दरज ओली लागावी पण बोटाला भरण चिकटू नये, तेव्हा ओलसर पिळलेल्या स्पंजाने हलक्या हाताने पुसावे. ही वेळ घड्याळावर सांगता येत नाही. ती हवेवर अवलंबून असते. तासगावचा प्रदेश पर्जन्यछायेतला. फेब्रुवारीपासून येथील हवा इतकी कोरडी होते की द्राक्षांचा बेदाणा शेडमध्ये जाळ्यांवर पसरून वाळविता येतो. जी हवा द्राक्षातील पाणी ओढून घेते ती दरजेतीलही ओढून घेते. सिमेंटला घट्ट होण्यासाठी पाणी हवे असते. ते अर्ध्यावर उडाले तर वरून टणक दिसणारी दरज नखाने उकरली जाते. अशा हवेत काम सावलीत करावे आणि भरलेल्या मेजावर ओले गोणपाट तीन दिवस टाकून ठेवावे. पुसल्यावर दिसणारा पांढुरका धुरळा दरज घट्ट झाल्यावर कोरड्या कापडाने घासून काढावा.

शेवटचा हात म्हणजे रोधनाचा. पूर्वी घोटाईने जे साधत असत ते आता छिद्रांत मुरणाऱ्या द्रवाने साधतात. भरण चांगले मुरले की, म्हणजे काही आठवड्यांनी, तो द्यावा. मराठी घरात मेजावर हळद सांडणार हे धरून चालावे. चुन्याच्या संगतीने हळद लाल होते, या गुणावरच पारंपरिक कुंकू तयार होत असे. ताज्या सिमेंटच्या दरजेवर सांडलेली हळदही तशीच लाल उमटते. याच गुणाचा परीक्षेसाठी उपयोग करता येतो : वेगळ्या नमुन्याच्या तुकड्यावर हळदीच्या पाण्याचा थेंब टाकावा, तो लाल झाला तर त्या पृष्ठावर अल्कधर्म अजून तीव्र आहे, पिवळा राहिला तर हवेतील वायूने आपले काम केले आहे, असे समजावे. प्रयोगशाळेत काँक्रीटच्या तपासणीसाठी वापरतात त्या रंगपरीक्षेमागचे तत्त्व हेच आहे. डाग काढण्यासाठी मात्र लिंबू, चिंच किंवा शिरका लावू नये. त्यांतील आम्ल चुन्याचे संयुग विरघळविते. डागाबरोबर दरजही जाते.

५

भट्टीचा चुना तासगावच्या परिसरातून नाहीसा झाला असे मात्र नाही. द्राक्षांवरील केवड्याच्या रोगासाठी फवारले जाणारे बोर्डो मिश्रण मोरचूद व कळीचा चुना यांचेच असते. एक टक्क्याच्या मिश्रणास शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद व एक किलो चुना लागतो. फ्रान्समधील बोर्डो परिसरात मिलार्दे याने १८८५ साली प्रसिद्ध केलेला हा उपाय येथील द्राक्षबागाईतदाराच्या अंगवळणी पडला आहे. चुना ताजा असावा, पूर्ण विरावा, गाळून घ्यावा, हे बागाईतदाराला ठाऊक असते. गवंड्याच्या हातून गेलेले ज्ञान शेतकऱ्याच्या हातात दुसऱ्या रूपाने राहिले आहे. पदार्थ परिचित आहे. खंडित झाली ती त्याने दरज भरण्याची परंपरा.

ती परंपरा पुन्हा जोडावयाची असेल तर काही गोष्टी क्रमाने कराव्या लागतील. जुन्या वास्तूची दरज उकरण्यापूर्वी तिचा नमुना ठेवावा. सौम्य आम्लात चुना विरघळवून उरलेली वाळू व सुरखी पाहिली की मूळ मिश्रणाचा अंदाज येतो. नवे भरण मूळ भरणापेक्षा कठीण असू नये व शेजारच्या विटेपेक्षा तर मुळीच असू नये. दर्शनी भागास हात लावण्यापूर्वी नजरेआड कोपऱ्यात थोडे काम करून त्यावर एक पावसाळा जाऊ द्यावा. १९६४ च्या व्हेनिस सनदेनेही पारंपरिक तंत्र अपुरे ठरेल तेथेच आधुनिक तंत्राचा अवलंब मान्य केला आहे. चुन्याच्या भिंतीतील दरजेसाठी पारंपरिक तंत्र अपुरे पडते असे म्हणण्यास सहसा आधार नसतो. आणि या सर्वांबरोबर, ज्या वृद्ध गवंड्यांनी व लोणाऱ्यांनी घाण्यावरचा चुना हाताळला त्यांच्याकडून मिश्रणाची प्रमाणे, मुरवणीचे दिवस आणि कामाचे शब्द टिपून घ्यावेत.

हे काम खर्चाचे नाही. ते चिकाटीचे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने प्रथम लाकडी फळीवर तुकडे जडवून एकीकडे चुना-सुरखी, एकीकडे साधे सिमेंट व एकीकडे लवचिक भरण घालावे, ती फळी एक उन्हाळा व एक पावसाळा उघड्यावर ठेवावी आणि कोणती दरज तडकली, कोणती झिजली व कोणत्या दरजेशेजारचा तुकडा सुटला हे नोंदवावे. त्या नोंदी हाती असलेला माणूस जुन्या वाड्याच्या भिंतीपुढे उभा राहील तेव्हा सिमेंटचे पोते फोडण्यापूर्वी तो दरजेला नखाने खरवडून पाहील. दुरुस्तीचा आरंभ तेथून व्हावयास हवा.